गाडीच्या टायरची हवा: आकडा कुठला, मोजायची कधी, भरायची किती

पहिली गाडी घेतल्यावर हवा भरायला गेलो, तेव्हा नळी हातात घेतलेल्या माणसाने विचारलं, "किती टाकू?" मला उत्तर येत नव्हतं. "तुम्हीच सांगा," म्हणालो. त्याने चारही टायरमध्ये ४० टाकली. पुढे जिथे जाईन तिथे मी तोच आकडा सांगत राहिलो. टायर बदलायची वेळ आली तेव्हा कारागिराने जुना टायर उभा धरला आणि माझा अंगठा त्यावरून आडवा फिरवायला लावला. दोन्ही कडांच्या खाचा अजून चांगल्या खोल होत्या. मधला पट्टा मात्र गुळगुळीत झाला होता. "तुमची हवा कायम जास्त होती," तो म्हणाला. त्या गाडीचा आकडा ३३ होता आणि तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर छापलेला होता. तिकडे पाहायचं असतं हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

नवीन गाडीवाल्यांना हे पहिल्याच आठवड्यात कळावं म्हणून हा लेख. काम अवघड नाही. चार टायरला दहा-पंधरा मिनिटं लागतात. पण क्रम चुकला, विशेषतः मोजायची वेळ चुकली, तर नीट काळजी घेणारा माणूसही महिनोन्महिने चुकीच्या हवेवर गाडी चालवत राहतो.

हवेला इतकं महत्त्व का, तेही आधी सांगतो. गाडीचं वजन रबर पेलत नाही, रबराच्या आत कोंडलेली हवा पेलते. एका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम तळहाताएवढा असतो. ब्रेक लागणं, वळणावर गाडी धरून राहणं, पावसात पाणी बाजूला सारणं, सगळं त्या चार तळव्यांवर चालतं. हवा कमी असली की टायर कडांवर टेकतो, बाजूची भिंत प्रत्येक फेरीला जास्त वाकते, रबर आतून तापतं, स्टिअरिंग जड लागतं आणि इंधन जास्त जातं. वेगात फुटणाऱ्या टायरमागे बऱ्याचदा हीच कमी हवेने झालेली उष्णता असते. हवा जास्त असली तर टायर मधल्या पट्ट्यावर उभा राहतो, पकड घटते, गाडी दणके देते आणि खड्ड्यात टायरला इजा होण्याची भीती वाढते. दोन्ही वाईटच, पण त्यातल्या त्यात कमी हवा जास्त धोक्याची, कारण टायर फुटेपर्यंत ती बऱ्याचदा जाणवत नाही.

काय काय लागेल

- स्वतःचं प्रेशर गेज (टायरमधल्या हवेचा दाब मोजायचं छोटं साधन)
- हवा भरायची सोय: घरचा छोटा कॉम्प्रेसर, पायपंप किंवा जवळचा पेट्रोल पंप
- वही किंवा फोनमधली एक नोंद
- जुना कपडा आणि जुना टूथब्रश
- फवारणीच्या बाटलीत साबणाचं पाणी
- व्हॉल्व्हच्या दोन-चार जादा टोप्या
- गाडीचं मॅन्युअल, निदान पहिल्या वेळी

१. तुमच्या गाडीचा आकडा शोधा

ड्रायव्हरचं दार पूर्ण उघडा आणि चौकटीवर, दाराचं कुलूप जिथे अडकतं त्या खांबावर पाहा. तिथे टायरचं चित्र आणि आकडे असलेला स्टिकर असतो. तिथे नसेल तर दाराच्या कडेवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पाहा. कुठेच सापडला नाही तर मॅन्युअलमध्ये असतोच.

स्टिकरवर बहुधा एकापेक्षा जास्त आकडे असतात, म्हणून घाई करू नका. पुढच्या आणि मागच्या टायरचा आकडा वेगळा असू शकतो. दोन माणसं असताना वेगळा आणि पाच माणसं व डिकीभर सामान असताना वेगळा, असंही असतं. काही गाड्यांवर टायरच्या दोन-तीन मापांसाठी वेगवेगळ्या ओळी असतात. तेव्हा आधी टायरच्या भिंतीवरचं माप वाचा, उदाहरणार्थ १९५/५५ आर १६, आणि त्याच मापाची ओळ धरा.

एककांमुळे गोंधळ होतो. आपण बोलताना नुसतं "३३" म्हणतो, ते पीएसआयमध्ये (पाउंड प्रति चौरस इंच) असतं. स्टिकरवर बार किंवा किलोपास्कलही लिहिलेलं असतं. १ बार म्हणजे १०० किलोपास्कल, म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय. ३३ पीएसआय म्हणजे साधारण २.३ बार किंवा २३० किलोपास्कल. काही जुन्या काट्यांवर किलो प्रति चौरस सेंटिमीटर असतं, त्यातलं १ म्हणजे सुमारे १४.२ पीएसआय.

इथला सर्वांत मोठा सापळा टायरच्या भिंतीवर आहे. तिथे "मॅक्स प्रेशर" असं लिहून ४४ किंवा ५१ असा आकडा कोरलेला असतो. तो त्या टायरची कमाल मर्यादा आहे. तोच टायर हलक्या गाडीलाही बसतो आणि जड गाडीलाही, त्यामुळे तुमच्या गाडीला किती हवा लागते हे टायर बनवणाऱ्याला माहीत नसतं. ते गाडी बनवणाऱ्याला माहीत असतं, कारण पुढच्या आणि मागच्या चाकांवर किती भार येतो हे त्याने मोजलेलं असतं. भिंतीवरचा आकडा पाहून हवा भरू नका.

गाडी जुनी घेतली असेल तर आधीच्या मालकाने टायरचं माप बदललंय का, ते जरूर तपासा. स्टिकरवरच्या मापापेक्षा वेगळे टायर असतील तर स्टिकरचा आकडा जसाच्या तसा लागू होत नाही. अशा वेळी टायर कंपनीच्या भार आणि दाबाच्या तक्त्यावरून जाणकाराकडून आकडा ठरवून घ्या.

आकडा मिळाला की स्टिकरचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा. "किती टाकू?" या प्रश्नाला यापुढे उत्तर तयार असेल.

२. स्वतःचं गेज घ्या

हवा भरायच्या मशिनवरचा काटा दिवसभर उन्हात असतो, जमिनीवर आपटतो, त्यावरून नळी ओढली जाते. तो बरोबर असेलही, पण तुम्हाला ते कळायला मार्ग नाही. शिवाय आज एका मशिनवर आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्यावर मोजलं तर आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. म्हणून गेज आपलं हवं.

पेनासारखं, पट्टी बाहेर येणारं गेज साधं आणि टिकाऊ असतं, पण पट्टीवरच्या रेघा वाचायला डोळे ताणावे लागतात. काट्याचं गोल गेज वाचायला सोपं, मात्र हातातून पडलं की बिघडू शकतं. डिजिटल गेज सगळ्यांत सोयीचं, फक्त सेल संपत आलेत का ते बघावं लागतं. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा घेणाऱ्याने साधं डिजिटल घ्यावं. अर्ध्या पीएसआयपर्यंत दाखवणारं असलं की पुरे. ट्रकसाठीचं, फार मोठ्या आकड्यांपर्यंत जाणारं काट्याचं गेज कारला घेऊ नका, त्यावर ३० आणि ३३ यांतलं अंतर नखाएवढं असतं.

घेतल्यावर एकच परीक्षा करा. एकाच थंड टायरवर पाठोपाठ तीनदा मोजा. तीनही वेळा आकडा जवळपास तोच आला तर गेज विश्वासाचं. दर वेळी दोन-तीन पीएसआयचा फरक पडत असेल तर आधी हात नीट बसतोय का ते पाहा (खाली चौथी पायरी), आणि तरीही फरक पडला तर गेज बदला.

३. टायर थंड असतानाच मोजा

सगळ्या लेखात एकच पायरी नीट वाचणार असाल तर ही वाचा.

स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा आहे. थंड म्हणजे गाडी किमान ३ तास उभी आहे, किंवा त्यानंतर दीड-दोन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नाही आणि तीही सावकाश. सर्वांत चांगली वेळ म्हणजे सकाळी, गाडी काढायच्या आधी, टायरवर ऊन पडण्यापूर्वी.

टायर फिरताना सतत दबतो आणि सुटतो. त्यात रबर तापतं, आतली हवा तापते. हवेला पसरायला जागा नसते, म्हणून दाब वाढतो. हायवेवर बराच वेळ चालवल्यावर ४ ते ६ पीएसआय वाढणं अगदी नेहमीचं आहे. ही वाढ गृहीत धरूनच गाडी बनवणाऱ्याने थंड आकडा दिलेला असतो.

आता नेमकी चूक कशी होते ते पाहा. सकाळी तुमच्या टायरमध्ये बरोबर ३३ होती. तास-दीड तास गाडी चालवून वाटेत हवा तपासली तर ३८ दिसते. "जास्त झाली" म्हणून ५ काढून टाकली आणि आकडा ३३वर आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टायर २८वर येतो. हवा बरोबर करायला गेलात आणि ती कमी करून आलात. तापलेल्या टायरमधली हवा कधीही काढू नका.

याच्या उलट चूक आणखी फसवी आहे. टायरमध्ये थंड असताना २८च होती. प्रवासात तापून ती ३३ झाली. मोजणारा म्हणतो, "एकदम बरोबर आहे, काही लागत नाही." प्रत्यक्षात टायर ५ पीएसआय कमी हवेवर चाललाय, आणि कमी हवेमुळेच तो नेहमीपेक्षा जास्त तापलाय. आकडा बरोबर दिसतोय तो त्याच उष्णतेमुळे.

उन्हाचंही तसंच. गाडीची एक बाजू उन्हात आणि दुसरी सावलीत असेल तर उन्हाकडच्या टायरचा आकडा दोन-एक पीएसआय जास्त येऊ शकतो. त्या बाजूची हवा काढू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मोजा.

पण घरी कॉम्प्रेसर नसला तर? पंपापर्यंत जाता जाताच टायर तापणार. त्याला साधा उपाय आहे. सकाळी घरीच आपल्या गेजने चारही टायर मोजा आणि प्रत्येकात किती कमी आहे ते लिहा. समजा डाव्या पुढच्यात २८ आहे आणि हवी ३३, म्हणजे ५ कमी. पंपावर पोचल्यावर तोच टायर आपल्याच गेजने पुन्हा मोजा. तापून तो ३१ दाखवतोय. त्यात ५ मिळवा आणि ३६ होईपर्यंत भरा. भरणारा म्हणेल, "साहेब, ३६ जास्त होते." होऊ द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजलंत की ३३च्या आसपास दिसेल, आणि एखादा पीएसआय इकडे-तिकडे झाला असेल तर तेव्हा सारखा करता येईल. थोडी जास्त भरून घरी काढणं सोपं, कमी भरून आलात तर पुन्हा जावं लागतं.

४. मोजताना हात कसा धरायचा

गाडी सपाट जागी, हँडब्रेक लावून उभी करा. व्हॉल्व्हची टोपी काढा आणि खिशात ठेवा. खाली ठेवलेली टोपी हमखास हरवते. व्हॉल्व्हच्या तोंडावर माती असेल तर ब्रश फिरवा, कारण तोच कण हवेबरोबर आतल्या पिनेत जाऊन बसतो आणि मग हवा बारीक बारीक सुटत राहते.

आता गेजचं तोंड व्हॉल्व्हवर सरळ, एका रेषेत धरा आणि एकदम दाबा. सुरुवातीला "फस्स" असा छोटा आवाज येईल आणि लगेच थांबेल. थांबला म्हणजे गेज नीट बसलं. आवाज चालूच राहिला तर गेज तिरकं आहे, हवा बाजूने निसटतेय आणि दिसणारा आकडा खऱ्यापेक्षा कमी आहे. भीत भीत, हळूहळू दाबलं की असंच होतं. नवख्या माणसाचे पहिले दोन-तीन आकडे चुकतात ते याच कारणाने, त्यामुळे गेजला दोष देऊ नका. पुन्हा धरा, जोर द्या. दोन आकडे सारखे आले की लिहा.

अलॉय चाकाच्या दांड्यांमध्ये व्हॉल्व्ह अडचणीत असेल तर गाडी थोडी पुढे-मागे घेऊन व्हॉल्व्ह खालच्या बाजूला आणा. वाकून मोजावं लागतं, पण हात सरळ बसतो.

क्रम कायम एकच ठेवा. मी ड्रायव्हरच्या बाजूच्या पुढच्या चाकापासून सुरू करतो आणि गाडीला एक फेरी घालतो. क्रम ठरलेला असला की लिहिताना चाकांची अदलाबदल होत नाही.

डोळ्यांवर किंवा लाथेवर भरवसा ठेवू नका. आजच्या गाड्यांचे टायर रेडियल असतात आणि त्यांची भिंत बरोबर हवेतही खाली थोडी फुगलेली दिसते. आठ-दहा पीएसआय कमी असलेला टायर शेजारच्या नीट टायरसारखाच दिसू शकतो.

५. हवा भरा, जास्त झाली तर काढा

थोडी थोडी भरा आणि मध्ये मध्ये मोजा. घरच्या कॉम्प्रेसरवर किंवा पंपाच्या मशिनवर हवा चालू असताना दिसणारा आकडा नळीतल्या दाबामुळे फसवा असू शकतो. बंद करा, एक क्षण थांबा, मग वाचा, आणि शेवटचा आकडा नेहमी आपल्या गेजवरचा धरा.

गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा कॉम्प्रेसर असेल तर इंजिन चालू ठेवा, नाहीतर बॅटरी उतरेल. मात्र बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, धूर कोंडतो. हे छोटे कॉम्प्रेसर लवकर तापतात. सलग किती मिनिटं चालवायचा ते त्याच्या कागदावर लिहिलेलं असतं, तेवढ्यानंतर त्याला विश्रांती द्या. नळीचं पितळी टोक भाजण्याइतकं गरम होतं, काढताना कपड्याने धरा. स्क्रूचं टोक फिरवून काढावं लागतं तेव्हा थोडी हवा जाते, म्हणून एखादा पीएसआय जास्त भरून मग सारखा करा.

थंड टायरमध्ये हवा जास्त झाली असेल तर व्हॉल्व्हच्या मधोमध दिसणारी पिन गेजच्या मागच्या टोकाने किंवा किल्लीच्या टोकाने हलकेच दाबा. एक-दोन सेकंद, मग मोजा.

झालं की टोपी घट्ट बसवा. ती शोभेची नाही. धूळ आणि पाणी पिनेपासून लांब ठेवते आणि पिन जरा ढिली पडली तरी हवेला थोडी आडकाठी करते. धातूच्या टोप्या टाळा, विशेषतः व्हॉल्व्हचा दांडा अॅल्युमिनियमचा असेल तर. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना धरून बसतात आणि टोपी निघत नाही. प्लास्टिकची साधी टोपी उत्तम.

नायट्रोजन भरावा का, हे सगळेच विचारतात. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो आणि रबरातून किंचित सावकाश झिरपतो, एवढा त्याचा फायदा. तापल्यावर त्याचाही दाब वाढतो, तोही कमी होतो, त्यामुळे मोजणं टळत नाही. आधीपासून नायट्रोजन असेल आणि वाटेत हवा कमी वाटली तर साधी हवा बिनधास्त भरा, दोन्ही मिसळल्याने काही बिघडत नाही. नायट्रोजन मिळेपर्यंत कमी हवेवर चालत राहणं मात्र नक्की चूक.

६. लिहून ठेवा, मग आकडे बोलायला लागतात

महिन्यातून एकदा आणि प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी मोजा. तारीख, चार आकडे आणि सकाळ फार थंड किंवा फार गरम असेल तर तशी खूण. एवढंच लिहायचं, पण त्यातून जे कळतं ते दुसऱ्या कशातून कळत नाही.

धडधाकट टायरमधूनही हवा रबरातून झिरपते, महिन्याला साधारण १ ते २ पीएसआय. शिवाय हवामान १० अंश सेल्सिअसने थंड झालं की सुमारे दीड पीएसआय कमी दिसते. थंडी सुरू होताना चारही टायर एकदम २-३ने उतरले तर घाबरू नका, पंक्चर शोधू नका, भरा आणि पुढे चला. उन्हाळा आला की उलटं होतं, तेव्हा सकाळच्या थंड मोजणीत आकडा वर गेला असेल तर तेवढी काढा.

चारांपैकी एकच टायर बाकीच्यांपेक्षा जास्त उतरत असेल तर मात्र कुठेतरी गळती आहे. माझ्या वहीत एकदा तीन टायर महिन्यात १ने उतरले होते आणि डावा मागचा ४ने. भरला, पंधरा दिवसांनी पाहिलं तर पुन्हा ३ कमी. गाडी चालवताना काहीच जाणवत नव्हतं. टायरवर खिळा दिसेना. साबणाचं पाणी आधी खाचांवर मारलं, बुडबुडा नाही. व्हॉल्व्हच्या तोंडावर आणि बुंध्याशी मारलं, तिथेही नाही. मग टायर आणि रिम जिथे भेटतात त्या कडेवर बाटली फिरवली आणि उकिडवा बसून पाहत राहिलो. मिनिटभराने तीन बोटांच्या रुंदीत साखरेच्या दाण्यांसारखा बारीक फेस धरायला लागला. टायर उतरवल्यावर त्याच जागी अलॉयवर पांढरी भुकटी चढलेली निघाली. कारागिराने ती घासून काढली, कड साफ करून टायर पुन्हा बसवला आणि गळती थांबली. वही नसती तर मी दर महिन्याला नुसती हवा भरत राहिलो असतो.

तुम्हीही याच क्रमाने शोधा: खाचा, व्हॉल्व्हचं तोंड, व्हॉल्व्हचा बुंधा, रिमची कड. तोंडावर बुडबुडा येत असेल तर बहुधा पिन बदलून किंवा घट्ट करून भागतं, ते काम मिनिटांचं. खाचेत खिळा दिसला तर तो उपटू नका. तोच सध्या भोक बुजवून बसलाय. हवा भरून सावकाश पंक्चरवाल्यापर्यंत जा आणि तिथेच काढू द्या. भिंतीला छेद किंवा फुगवटा असेल तर पंक्चर काढायच्या भानगडीत न पडता टायर बदला.

एखादा टायर अगदी बसलेला सापडला आणि त्यावर थोडीसुद्धा गाडी चालली असेल तर हवा भरून मोकळं होऊ नका. टायर उतरवून आतून पाहायला सांगा. आत काळी रबराची भुकटी किंवा भिंतीला गोल घासल्याची रेघ दिसली तर भिंत आतून खराब झालीय. बाहेरून तो टायर नवा दिसेल, पण तो वापरू नये.

७. डॅशबोर्डवरच्या दिव्यावर सगळं सोडू नका

नव्या गाड्यांत टीपीएमएस असतं, म्हणजे टायरची हवा कमी झाली की सांगणारी यंत्रणा. घोड्याच्या नालासारख्या आकारात उद्गारचिन्ह, असा पिवळा दिवा. तो लागला की सोयीची जागा पाहून थांबा आणि मोजा. पण तो लागला नाही म्हणजे हवा बरोबर आहे असं समजू नका. दिवा बऱ्याच उशिरा लागतो. अमेरिकेच्या नियमात तर शिफारशीपेक्षा २५ टक्के कमी झाल्यावर तो लागायला हवा, एवढीच अट आहे. ३३च्या टायरला ही मर्यादा जवळजवळ २५ येते. २७वर चालणारा टायर तापत राहील आणि दिवा गप्प असेल.

या यंत्रणेचे दोन प्रकार आहेत. एकात प्रत्येक चाकाच्या आत सेन्सर असतो आणि तो खरा दाब मोजतो. त्याला सेल असतो, काही वर्षांनी तो संपतो आणि सेन्सर बदलावा लागतो. दुसऱ्यात दाब मोजलाच जात नाही. हवा कमी झालेल्या चाकाचा घेर किंचित लहान होतो आणि ते जरा जास्त वेगाने फिरतं, हा फरक एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून ओळखला जातो.

दुसऱ्या प्रकारात रिसेटचं बटण किंवा मेन्यू असतो, आणि सापळा तिथेच आहे. दिवा लागला म्हणून हवा न भरता रिसेट केलं तर गाडी ती कमी हवाच बरोबर मानून बसते. आधी चारही टायर थंड असताना बरोबर भरा, मगच रिसेट करा. गाडी सुरू केल्यावर दिवा मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहत असेल तर बहुधा यंत्रणेतच बिघाड आहे. तेव्हाही टायर मोजाच.

८. स्टेपनी

दर तीन महिन्यांनी मोजा. पूर्ण मापाची स्टेपनी असेल तर स्टिकरवरचा सर्वांत मोठा आकडा ठेवा, कारण ती पुढे लागेल की मागे ते आधी कळत नाही, आणि काढणं भरण्यापेक्षा सोपं. बारीक, तात्पुरती स्टेपनी असेल तर तिचा आकडा वेगळा असतो, बहुधा ६० पीएसआय, म्हणजे सुमारे ४.१ बार. तो तिच्यावरच लिहिलेला असतो. वेगाची मर्यादाही लिहिलेली असते, बहुतेक ताशी ८० किलोमीटर. स्टेपनीऐवजी गळती बुजवायचं द्रव्य दिलेलं असेल तर बाटलीवरची मुदत पाहून ठेवा.

९. भरलेल्या गाडीचा प्रवास

पाच माणसं आणि डिकी भरून सामान असेल तेव्हा स्टिकरवरची दुसरी ओळ वापरायची. वजन मुख्यतः मागे वाढतं, म्हणून मागचा आकडा बऱ्याचदा बराच वर असतो, समजा ३३ ऐवजी ३८. निघायच्या दिवशी पहाटे सगळे गाडीत बसायची वाट पाहू नका. आदल्या दिवशी सकाळी, गाडी रिकामी आणि थंड असतानाच हा मोठा आकडा भरून ठेवा. रिकामी किंवा भरलेली असल्याने टायरमधल्या आकड्यात नगण्य फरक पडतो, त्यामुळे आधी भरलेलं चालतं.

वाटेत, तापलेल्या टायरवर मोजायची वेळ आली तर एकच गोष्ट पाहा: एकाच अॅक्सलवरचे दोन टायर, म्हणजे पुढचे दोन किंवा मागचे दोन, यांचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का. मागचे दोन ४२ आणि ४१ दाखवत असतील तर ठीक. ४२ आणि ३६ असतील तर ३६वाल्याकडे नीट पाहा, हात फिरवून खिळा शोधा. हवा काढायची नाही, हे इथेही लागू.

परत आल्यावर सामान उतरवा, गाडी रात्रभर उभी राहू द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मागचे दोन टायर रोजच्या आकड्यावर आणून वहीत लिहा.